दोन पट्ट्यांच्या मधला सूर

वाचकांचे प्रश्न : संगीत

प्रश्न : आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्री अभ्यास करताना थेलोनियस मंक नावाच्या अमेरिकन पियानोवादकाचं जॅझ लावून बसतो. मी लहानपणापासून कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकत आलो आहे. मला तर हा माणूस चक्क चुकीच्या पट्ट्या दाबतोय असं वाटतं. मुलगा म्हणतो, "पप्पा, ते मुद्दाम आहे." खरं काय?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. आणि तुमच्या कानाला जे खटकलं तेही तिथं खरोखरच आहे. मंकनं ते जाणूनबुजून ठेवलंय.

घरात पेटी असेल तर एक करून बघा. पांढरी एकला सा धरा. आता काळी दोन आणि पांढरी तीन, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधार, एकदम दाबा. कर्कश वाटेल, दोन्ही सूर एकमेकांवर घासतील. लगेच काळी दोनवरचं बोट उचला, पांढरी तीन तशीच दाबलेली राहू द्या. क्षणभर असा भास होतो की गंधार खालून वर सरकला. मंक पियानोवर हेच करतो. तिथं हातोडी तारेवर एकदाच आदळते आणि नाद विरत जातो, भात्यानं सूर लांबवायची सोय नसते. त्यामुळे ते घासणं आणि सुटणं पेटीपेक्षाही जास्त टोकदार ऐकू येतं.

हे करायची गरज का पडावी? जॅझची मुळं ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यात आहेत, आणि ब्लूज गाणाऱ्याचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी लागतो. गायकाला ते गळ्यानं जमतं, सॅक्सोफोनवाल्याला ओठांनी. पियानोवाल्याच्या हाती मात्र सप्तकात बाराच पट्ट्या, त्याही ठोकून बसवलेल्या. आपल्या पेटीवरही हाच आक्षेप होता. मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्ट्यांच्या मधल्या श्रुती नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. मी साथीला पेटी वाजवते. गायक दरबारीचा गंधार आंदोलित करायला लागला की माझ्या बोटांखाली त्या सुराला जागाच नसते, हे दुखणं मला रोजचं आहे. आम्ही पेटीवाले मग शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श, म्हणजे कण घेतो, पटकन पुढं सरकतो, झाकून नेतो. मंकनं झाकलं नाही. जो सूर पियानोत नाही त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही सूर वाजवून, मधली जागा त्यानं ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवली. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात, कोल्हापुरात राहून पेटी धरणाऱ्या कुणालाही या माणसाबद्दल आपलेपणा वाटावा, असं मला मनापासून वाटतं.

हात तयार नव्हता म्हणून असं वाजवायचा, हा आरोप त्याच्या हयातीतही झाला. तो टिकत नाही. मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकी माउंट गावचा. १९२२ साली आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली. तिथं त्यानं रीतसर शिकवणी घेतली. त्या काळी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले पियानोवादक 'स्ट्राइड' नावाची बाजाची पद्धत वाजवत. डावा हात खाली खर्जातल्या सुरावर पडतो आणि पुढच्याच मात्रेला उडी मारून मधल्या सप्तकातल्या कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबलेल्या तीन-चार सुरांवर जातो, आणि हे सबंध गाणंभर न थांबता. हात कच्चा असेल तर चार आवर्तनांत उघडं पडतं. १९६५चं 'सोलो मंक' ऐका. साथीला ना ड्रम, ना बेस हे खर्जाचं तंतुवाद्य, आणि डावा हात घट्ट लयीत.

दुसरा पुरावा याहून पक्का आहे. १९५६ साली 'ब्रिलियंट कॉर्नर्स' या त्याच्या रचनेचं ध्वनिमुद्रण झालं. सोबत सॅक्सोफोनला सनी रोलिन्स आणि ड्रमला मॅक्स रोच, म्हणजे त्या पिढीतली सगळ्यात वरची माणसं. लय एकदा संथ, मग दुप्पट, परत संथ. वर सुरांच्या उड्या अवघड. पंचवीस वेळा प्रयत्न करूनही रचना एकदाही अथपासून इतिपर्यंत धड निघाली नाही. शेवटी निर्माता ओरिन कीपन्यूज यानं तुकडे जोडून ती पूर्ण केली. चुकून पडलेले सूर असते तर रोलिन्सनं ते सहज सांभाळून घेतले असते. इथं प्रत्येक सूर ठरलेला होता आणि तो तसाच यायला हवा होता, म्हणून तर एवढी झटापट.

प्रश्न : मंकला सहा वर्षं न्यूयॉर्कमध्ये वाजवायला मनाई होती असं वाचलं. त्याचा गुन्हा काय? आणि इतकी वर्षं त्यानं काढली कशी?
– एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : १९५१च्या ऑगस्टमध्ये मंक आणि त्याचा मित्र बड पॉवेल एका उभ्या गाडीत बसले होते. पोलिसांनी झडती घेतली, हेरॉइन सापडलं. पॉवेल हाही मोठा पियानोवादक, मंकपेक्षा सात वर्षांनी लहान, मंकनंच हाताला धरून पुढं आणलेला. मंकनं त्याच्याविरुद्ध बोलायला नकार दिला आणि साठ दिवसांचा तुरुंगवास पत्करला. पण खरी शिक्षा बाहेर आल्यावर सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये जिथं दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून मिळालेलं 'कॅबरे कार्ड' खिशात लागे. ते जप्त झालं. जॅझ तर अशाच क्लबांत चाले. परवान्याची ती पद्धत १९६७ साली रद्द झाली, पण तोवर कितीतरी कलाकारांची उमेदीची वर्षं तिनं खाल्ली होती. मला या प्रकाराची अजून चीड येते.

त्या काळात बायको नेलीनं नोकऱ्या करून घर चालवलं. घरात दोन लहान मुलं. मंक शहराबाहेर मिळेल तिथं वाजवायचा, ध्वनिमुद्रिका निघत होत्या पण खपत नव्हत्या. १९५५ साली एका कंपनीनं त्याचा करार दुसरीला विकला, तो शंभर डॉलरच्या आसपास! ज्याची 'राउंड मिडनाइट' ही रचना तोवर भलेभले वाजवत होते, त्याची बाजारातली ही किंमत. तरीही 'लोकांना झेपेल असं वाजवतो' हा विचार त्यानं केला नाही. हॅरी कोलोम्बी नावाचा एक शाळामास्तर त्याचा मॅनेजर झाला, पॅनोनिका या युरोपातल्या धनाढ्य रॉथशिल्ड घराण्यातल्या सरदारीणबाई पाठीशी उभ्या राहिल्या, आणि १९५७ साली कार्ड परत मिळालं.

त्याच उन्हाळ्यात फाइव्ह स्पॉट या लहानशा क्लबात त्याचा मुक्काम पडला, सोबत सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन. हे कोल्हापूरकरांनी मुद्दाम ऐकावं. कोलट्रेन सकाळी मंकच्या घरी जाई, त्याला झोपेतून उठवी. मंक पियानोवर बसून चीज वाजवून दाखवी, कोलट्रेन ती सॅक्सोफोनवर शोधी. अडला की मंक पुन्हा वाजवी. फारच अडलं तर मगच लिहिलेला कागद बाहेर निघे, कारण कागदाशिवाय शिकलेलं अंगात मुरतं असं मंकचं मत. कोलट्रेननं स्वतः हे सांगून ठेवलंय. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांनी आणि पुढं भुर्जीखाँनी समोर बसवून तालीम दिली, तिथल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही.

नेलीची उतराईही त्यानं त्याच वर्षी केली. ती आजारी होऊन इस्पितळात असताना त्यानं तिच्यासाठी 'क्रेपस्क्यूल विथ नेली' रचली. जॅझमध्ये मुखडा झाला की उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं सुरू होतं. या रचनेत त्यानं उपजेला जागाच ठेवली नाही. लिहिलंय तेवढंच वाजवायचं.

पुढं १९६४ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. सत्तरीच्या दशकात मनाच्या आजारानं गाठलं आणि १९७६नंतर त्यानं लोकांसमोर वाजवलं नाही. शेवटची वर्षं त्याच पॅनोनिकाबाईंच्या घरी, न्यू जर्सीत गेली. १७ फेब्रुवारी १९८२ला तो गेला.

प्रश्न : जॅझ कधीच ऐकलेलं नाही. मंकचं काय आधी ऐकू?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, गारगोटी

उत्तर : 'ब्लू मंक'. चाल सोपी आहे, लागोपाठच्या पट्ट्यांवरून वर चढत जाणारे छोटे तुकडे. बारा बारचा ब्लूज आहे, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन समजा. पहिल्यांदा नुसतं हातावर मोजत ऐका आणि सम कुठं येते ते पकडा. एकदा आवर्तन अंगवळणी पडलं की मंक कुठं गप्प बसतो ते कळायला लागेल. तो पुष्कळदा गप्प बसतो, आणि तेवढ्यात बेस आणि ड्रम काय करतात ते ऐकण्यासारखं असतं.

त्यानंतर २९ नोव्हेंबर १९५७ची कार्नेगी हॉलमधली मैफल. कोलट्रेनसोबतची. तिचं ध्वनिमुद्रण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होतं आणि २००५ साली सापडलं, त्यामुळे तुमच्या आधीच्या दोन पिढ्यांतल्या रसिकांना जे मिळालं नाही ते तुम्हाला मोबाइलवर मिळतंय. हेडफोनपेक्षा स्पीकरवर लावा, म्हणजे डावा हात नीट कळेल. 'ब्रिलियंट कॉर्नर्स' मात्र एवढ्यात नको. महिनाभर बाकीचं ऐकून झालं की लावा.