चित्र तयार होते, पण उतरवलेली फाईल उघडत नाही

प्रश्न : आमची वेब सेवा वापरकर्त्याने भरलेल्या आकड्यांवरून पीएनजी स्वरूपातील आलेख तयार करते आणि तो फाईल म्हणून डाउनलोड करण्याची सोय देते. तपासणीसाठी सर्व्हरवर ठेवलेली प्रत व्यवस्थित उघडते. मात्र पानावरील बटण दाबून मिळालेली फाईल कोणत्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नाही. नवल म्हणजे ही खराब फाईल मूळ चित्रापेक्षा बरीच मोठी असते. दोष चित्र बनवणाऱ्या लायब्ररीत असेल का?

उत्तर : लायब्ररीवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. सर्व्हरवरची प्रत उघडते त्या अर्थी चित्र नीट तयार झाले आहे आणि बिघाड पुढच्या प्रवासात झाला आहे. फाईल फुगते, हा आपण दिलेला तपशील फार मोलाचा आहे, कारण त्यावरून वाटेत कोठेतरी चित्राचे बाइट मजकूर समजून वाचले गेले असावेत, असा तर्क बांधता येतो.

खात्री करून घेण्यासाठी खराब फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडावी आणि तिचे पहिले काही बाइट पाहावेत. प्रत्येक पीएनजी फाईल १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ बाइटांनी सुरू होते (हे आकडे दशमान पद्धतीतले आहेत, एडिटर ते सोळाच्या पटीतल्या पद्धतीत दाखवील). आपल्या फाईलमध्ये सुरुवातीच्या १३७ च्या जागी २३९, १९१, १८९ असे तीन बाइट आढळले, तर निदान पक्के झाले. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीच्या नियमांनुसार १३७ हा बाइट कोणत्याही अक्षराच्या आरंभी येऊ शकत नाही. त्यामुळे मजकूर वाचणारा कोड त्याच्या जागी ‘अक्षर ओळखता आले नाही’ असे सांगणारे एक ठरावीक चिन्ह बसवतो आणि ते चिन्ह लिहायला तीन बाइट लागतात. हाच प्रकार फाईलभर घडत जातो आणि आकार वाढत जातो. वेगवेगळ्या बाइटांच्या जागी एकच चिन्ह बसलेले असल्यामुळे अशा फाईलमधून मूळ चित्र परत मिळवता येत नाही, तेव्हा तिच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, १९९६ साली डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या पीएनजीच्या रचनेत हे आठ बाइट असल्या अपघातांचा माग लागावा अशाच बेताने निवडलेले आहेत : पहिला बाइट आस्की या जुन्या रोमन अक्षरसंचाच्या मर्यादेबाहेरचा आहे, आणि ओळ संपल्याच्या खुणांची कोणी अदलाबदल केली, तर १३ व १० या बाइटांच्या जोडीवरून ते लगेच उघड होते.

आता दुरुस्ती. ब्राउझरमधील कोड ‘फेच’ (सर्व्हरकडून माहिती मागवण्याची ब्राउझरमधली सोय) वापरत असेल, तर मिळालेला प्रतिसाद ‘टेक्स्ट’ म्हणून न वाचता ‘ब्लॉब’ (कच्च्या बाइटांचा गठ्ठा) म्हणून वाचावा. जुन्या पद्धतीची विनंती असेल, तर ती पाठवण्यापूर्वी ‘रिस्पॉन्स टाइप’ ब्लॉब असा ठरवून द्यावा. तेथे सर्व ठीक असेल, तर सर्व्हरवर चित्राचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करणारी एखादी ओळ आहे का, ते शोधावे. जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याच्या स्वरूपात) चित्र बसवण्याच्या खटाटोपात अशी ओळ हमखास येते. जेसन अपरिहार्यच असेल, तर चित्र बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मध्ये रूपांतरित करून पाठवावे. पण तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्यामुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो, आणि समोरच्या बाजूला उलट रूपांतर करायचे राहून गेले, तर चित्राऐवजी ‘आयव्हीबीओआर’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक मजकूर फाईलमध्ये पडतो. एका विनंतीला एकच चित्र द्यायचे असेल, तर माझ्या मते जेसनच्या वाटेला जाऊच नये. प्रतिसादाच्या मुख्य भागात चित्राचे बाइट जसेच्या तसे ठेवावेत, ‘कंटेंट-टाइप’ या हेडरमध्ये (प्रतिसादाच्या आधी जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) ‘इमेज/पीएनजी’ लिहावे आणि ‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये ‘अटॅचमेंट’ या शब्दापुढे फाईलचे नाव द्यावे. ‘अटॅचमेंट’च्या जागी ‘इनलाइन’ लिहिल्यास ब्राउझर चित्र जतन करण्याऐवजी पानातच दाखवतो.

आपल्या पत्रात उल्लेख नसला, तरी याच्याच जोडीने येणाऱ्या दोन चुका सांगून ठेवतो. पायथनमध्ये चित्र मेमरीतल्या बफरमध्ये लिहिले की वाचनाची जागा बफरच्या शेवटी जाऊन थांबते. तेथून वाचायला सुरुवात केली तर हाती काहीच लागत नाही आणि वापरकर्त्याला शून्य बाइटांची फाईल मिळते. त्यासाठी पाठवण्याआधी ‘सीक’ वापरून ती जागा पुन्हा आरंभी आणावी लागते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. चित्र बनवताना अडचण आली, तरी काही सेवा २०० हाच, ‘सर्व ठीक’ असे सांगणारा स्थिती-क्रमांक देऊन जेसनमध्ये तक्रार पाठवतात, आणि पानावरचा कोड ती तक्रार निमूटपणे पीएनजी या नावाने जतन करतो. ती फाईल मजकूर-संपादकात उघडली की आत त्रुटीचा संदेश वाचायला मिळतो. सेवेने अशा वेळी ४०० किंवा ५०० च्या मालिकेतील, त्रुटी दाखवणारा योग्य क्रमांक द्यावा आणि पानाने तो पाहिल्याशिवाय काहीही जतन करू नये.

प्रश्न : फाईलचे नाव मराठीत दिले की काही ठिकाणी प्रश्नचिन्हे उमटतात, तर काही ठिकाणी सर्व्हरच त्रुटी देतो. नाव इंग्रजीतच ठेवावे लागेल का?

उत्तर : तसे मुळीच नाही. ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ हेडरमध्ये देवनागरी अक्षरे थेट लिहिणे सुरक्षित नसते, म्हणून २०११ च्या आरएफसी ६२६६ या मानकात ‘फाईलनेम’ या घटकाच्या जोडीला, नावाच्या शेवटी तारका असलेला दुसरा घटक दिलेला आहे. त्यात आधी ‘यूटीएफ-८’ हे लिपीसंकेताचे नाव, मग दोन एकेरी अवतरणचिन्हे आणि त्यापुढे टक्केचिन्हांच्या संकेतात (प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह आणि दोन अक्षरे) बदललेले नाव लिहायचे असते. ‘आलेख’ हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा आहे; त्याचे यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट होतात आणि टक्केचिन्हांच्या संकेतात छत्तीस अक्षरे. म्हणून नावे आटोपशीर ठेवणे बरे. तारका नसलेल्या घटकात साध्या रोमन अक्षरांतले पर्यायी नाव अवश्य द्यावे, म्हणजे नवा घटक न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचेही काम अडत नाही. नाव वापरकर्त्याने टाइप केलेले असेल, तर त्यातली ओळबदलाची चिन्हे, अवतरणचिन्हे आणि तिरप्या रेघा आधी काढून टाकाव्यात. अन्यथा कोणी नावाच्या आडून स्वतःचे हेडर घुसवू शकतो.

आपले पान एका डोमेनवर आणि सेवा दुसऱ्या डोमेनवर असेल, तर आणखी एक अडचण येते : ब्राउझर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ हे हेडर पानावरील कोडला वाचूच देत नाही. सेवेने ‘ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोझ-हेडर्स’मध्ये त्याचे नाव घातल्यावरच ते दिसू लागते.

प्रश्न : काही चित्रे तयार व्हायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि तोवर ५०४ ही (वेळेत उत्तर न मिळाल्याची) त्रुटी येते. मुदत वाढवावी का?

उत्तर : मुदत वाढवून वेळ मारून नेता येईल, इतकेच, वाटेतल्या प्रत्येक प्रॉक्सीवर (मधल्या सर्व्हरवर) आपला ताबा असेलच असे नाही. विनंती येताच २०२ (‘विनंती स्वीकारली’) हा क्रमांक आणि कामाचा ओळखक्रमांक परत करावा, चित्र मागच्या बाजूला स्वतंत्र प्रक्रियेत तयार होऊ द्यावे आणि पानाने काही सेकंदांच्या अंतराने स्थिती विचारत राहावे. चित्र तयार झाले की ते उतरवून घेण्याचा मुदतबंद दुवा द्यावा. तो दुवा वापरकर्त्याच्या खाजगी माहितीवरून बनलेल्या चित्राचा असेल, तर ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ (प्रत साठवू नये) लिहावे. मुदत संपल्यानंतर कोणी दुवा उघडल्यास ४१० (‘आता उपलब्ध नाही’) हा क्रमांक द्यावा आणि चित्र नव्याने तयार करण्याचे बटण तेथेच ठेवावे.