वही मुलीची, अक्षर आईचे

घरी शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासाबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे प्लॅनरविषयीची आहेत. त्यांतील पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण त्यातील अडचण इतर अनेक घरांतही असावी असे वाटते.

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. माझी मुलगी अकरा वर्षांची असून दोन वर्षांपासून तिचे शिक्षण घरीच चालू आहे. तिने आपला अभ्यास आपण सांभाळावा म्हणून जूनमध्ये मी एका परदेशी प्लॅनरची पाने इंटरनेटवरून उतरवून, छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतली. दर रविवारी रात्री बसून मी सकाळी आठ ते दुपारी तीन अशी आठवड्याची आखणी त्यात भरते. परंतु बुधवारपर्यंत ती कोलमडते आणि मग उरलेला आठवडा वहीकडे कोणी पाहत नाही. मुलगी दर अर्ध्या तासाने "आई, आता काय करू?" असे विचारतेच. अलीकडे तर न केलेल्या अभ्यासापुढेही ती बरोबरची खूण करून ठेवते, असे मला दोनदा आढळले. फेब्रुवारीत द्राक्षे काढणीला आली की आम्ही दहा-बारा दिवस निफाडला माझ्या माहेरी असतो, आणि त्या दिवसांची कोरी राहिलेली पाने पाहून तिचा उरलासुरला उत्साहही जातो. प्लॅनर आमच्या घराला मानवत नाही असे समजून तो नाद सोडून द्यावा का? (एक आई, नाशिक)

उत्तर : प्लॅनरचा नाद सोडू नका, सध्याची वही मात्र कपाटात ठेवून द्या. 'दर रविवारी रात्री बसून मी आखणी भरते' हे जे वाक्य आपण सहज लिहून गेलात, त्यातच बहुतेक सगळे उत्तर आहे. वही मुलीच्या नावाची आणि अक्षर आईचे, अशी स्थिती असली की वहीतील प्रत्येक ओळ मुलीच्या लेखी आईचा निरोप ठरते. एक निरोप संपला की पुढचा विचारायला ती आपल्याकडे येते, आणि निरोप पाळला गेला नाही तर पाळल्याची खूण करून मोकळी होते. यात मला खोडसाळपणा दिसत नाही. दुसऱ्याने आखलेल्या दिवसाशी मोठी माणसेही असेच वागतात, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

म्हणून पहिले पंधरा दिवस आखणी अजिबात करू नये. एक साधी दोनशे पानी वही मुलीलाच निवडू द्यावी, आणि काय करायचे आहे ते न लिहिता काय झाले एवढेच तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे : कोणता विषय, कोणती पाने किंवा उदाहरणे, किती वाजता सुरुवात केली आणि किती वाजता संपले. आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब ठेवतो, तसाच हा हिशेब आहे. दूध आले नाही त्या तारखेला आपण 'खाडा' लिहितो. त्यात कोणावर राग नसतो, नुसती नोंद असते, आणि महिनाअखेरीस तीच उपयोगी पडते. अभ्यासाच्या वहीतही 'आज खाडा, सर्दी' किंवा अगदी 'आज खाडा, कंटाळा' असे लिहिण्याची मोकळीक तिला मिळाली, तर खोट्या खुणेची गरज बरीचशी उरणार नाही.

पंधरा दिवसांनी हाती खरे आकडे येतात, आणि ते बहुधा आपल्या समजुतीला धक्का देणारे असतात. माझ्या मुलाच्या बाबतीत गणिताचा जो सरावसंच अर्ध्या तासाचा म्हणून मी वर्षभर लिहीत होते, त्याला तो पन्नास मिनिटे घेत होता, आणि ज्या इंग्रजीला मी पूर्ण तास देत असे ते वीस मिनिटांत उरकत होते. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस बहुधा कमीच धरतो, या प्रवृत्तीकडे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले होते. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना काम कधी पुरे होईल असे विचारले होते. त्यांनी सांगितलेली सरासरी ३४ दिवसांची होती आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडे अधिक लागले. विद्यापीठातील विद्यार्थ्यांची ही गत असताना अकरा वर्षांच्या मुलीच्या, आणि तिच्या आईच्याही, अंदाजावर आठवडा उभा करण्यापेक्षा तो नोंदींवर उभा केलेला बरा.

तासांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आठ ते तीन म्हणजे सात तास होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार तास, आणि तेही भरलेल्या वर्गात. घरी एकट्या मुलीला सात तास बसवणारी आखणी बुधवारी कोलमडते याचे आश्चर्य वाटत नाही. ती मंगळवारपर्यंत टिकते कशी, याचेच मला आश्चर्य वाटते.

तिसऱ्या आठवड्यापासून आखणीला हात घालावा, पण ती घड्याळाच्या काट्यावर न करता कामावर करावी. अमेरिकेतील हेलन पार्कहर्स्ट या शिक्षिकेने १९२० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन गावच्या शाळेत एक पद्धत सुरू केली, जी पुढे डाल्टन योजना म्हणून अनेक देशांत पोहोचली. प्रत्येक विषयाचे महिन्याचे काम मुलाला लेखी द्यायचे, ते त्याने करार म्हणून स्वीकारायचे, कोणत्या दिवशी कोणता विषय किती वेळ करायचा हे त्याचे त्याने ठरवायचे, आणि आपण कुठवर आलो हे आलेखाच्या कार्डावर स्वतःच भरायचे, असे तिचे स्वरूप होते. अकरा वर्षांच्या मुलीला महिना फार लांबचा वाटतो, म्हणून तिच्याशी आठवड्याचा करार करावा. करारातील काम अशा शब्दांत लिहावे की ते झाले की नाही याबद्दल वाद होऊ नये. 'इतिहास वाचणे' ही नुसती इच्छा झाली. 'सातवाहनांवरचा पाठ वाचून, पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखाबद्दल पाच वाक्ये लिहिणे' हे काम झाले, कारण ती पाच वाक्ये वहीत डोळ्यांना दिसतात. तसेच नुसते 'गणित' न लिहिता 'अपूर्णांकांचा सरावसंच, पहिली आठ उदाहरणे' असे लिहावे.

हे काम सोमवारी करायचे की गुरुवारी, न्याहारीनंतर की जेवणानंतर, हे मात्र तिने ठरवावे, आणि ते आपल्याला चुकीचे वाटले तरी आपण गप्प राहावे. सगळे गणित शुक्रवारवर ढकलले तर शुक्रवार जड जातो, हे तिला एका शुक्रवारने जितके कळेल तितके आपल्या दहा सूचनांनी कळणार नाही. शनिवारची सकाळ मात्र करारात धरू नये. मागे राहिलेले ओढून घ्यायला ती मोकळी असावी, आणि काहीच राहिले नसेल तर ती तिची सुटी.

'आता काय करू?' या प्रश्नाला यापुढे 'वही काय म्हणते?' एवढेच उत्तर द्यावे. पहिल्या आठवड्यात ते दिवसातून वीस वेळा द्यावे लागेल आणि प्रत्येक वेळी आवाज तितकाच शांत ठेवणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगते. खरोखरच काही अडले असेल तर तिने कामापुढे 'अडले' असे लिहून दुसरा विषय घ्यावा. अशी सगळी अडलेली कामे घेऊन रोज एका ठरलेल्या वेळी, समजा अकरा वाजता, आपण अर्धा तास तिच्याजवळ बसावे. ही सोय नसेल तर कोणतीही वही उपयोगाची नाही, कारण अडलेले मूल आईकडे येणारच आणि त्याने यावेही.

बरोबरच्या खुणेचा हक्क पूर्णपणे तिचा असू द्यावा. आपण रोज वही तपासू नये, शनिवारी वीस मिनिटे दोघींनी वही मध्ये ठेवून बसावे आणि त्या आठवड्याचे लेखी काम शेजारी असावे. जे राहिले असेल त्याबद्दल 'अंदाज कुठे चुकला?' असे विचारावे. 'का केले नाहीस?' हा प्रश्न त्या बैठकीत येऊ देऊ नये, कारण त्याला उत्तर म्हणून फक्त सबब मिळते.

आता निफाडचे दिवस. याबाबतीत तर आपल्या माहेरीच शिकण्यासारखे आहे. द्राक्षबागेची कामे तारखेने चालत नाहीत. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोड्या छाटणीपासून आज कितवा दिवस आहे, यावर फवारणी आणि विरळणी ठरते. एकाच शिवारात एकाची बाग चाळिसाव्या दिवशी असते आणि शेजाऱ्याची पंचविसाव्या दिवशी, पण म्हणून शेजारी मागे पडला असे कोणी म्हणत नाही. मुलीची वहीही अशीच दिवसांच्या क्रमांकाने चालवावी. निफाडला निघण्यापूर्वी 'दिवस ८७' झाला असेल, तर परतल्यावर 'दिवस ८८' सुरू होतो आणि मधे कोरे पान राहतच नाही. आपण उतरवून घेतलेल्या परदेशी पानांची अडचण इथेच आहे. तसले प्लॅनर बहुधा तिकडच्या १८० दिवसांच्या शालेय वर्षावर, म्हणजे ३६ आठवड्यांवर बेतलेले असतात, आणि आपला जून, आपले गणपती, आपली दिवाळी त्यांत कुठेच बसत नाही. जमल्यास निफाडला गेल्यावर तिच्या मामांची फवारणीची नोंदवही तिला पाहू द्यावी. निर्यातीच्या द्राक्षांना अशा नोंदींवाचून चालत नाही, आणि नोंद ठेवणे हे केवळ मुलांच्या मागे लावलेले काम नसते हे तिला तिथे आपोआप दिसेल.

ही घडी बसायला दोन-तीन महिने लागतात. त्यानंतर एखादा विषय, शक्यतो तिच्या आवडीचा, पूर्णपणे तिच्याकडे द्यावा, म्हणजे पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका पाहून आठवड्याचे कामही तिनेच ठरवावे. पहिल्यांदा ती फार जास्त ठरवील. ठरवू द्यावे.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. मी घरून काम करतो आणि दिवसा त्याच्याजवळ मीच असतो. त्याला आतापासूनच प्लॅनरची सवय लावावी का? (एक वडील, पंचवटी)

उत्तर : इतक्यात नको. सात वर्षांच्या मुलाला 'उद्या' हाच पुरेसा लांबचा शब्द आहे. पुठ्ठ्याचे पाच-सहा तुकडे करून प्रत्येकावर एकेका कामाचे चित्र त्यालाच काढू द्या, आणि झालेल्या कामाचा तुकडा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकू द्या. तुकड्यांचा क्रम रोज सकाळी त्याने लावावा. त्याच्या वयाला एवढे स्वातंत्र्य पुरते. लहान मुलांचे पाठ वीस मिनिटांपलीकडे लांबवू नयेत, असा आग्रह शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ (१८४२–१९२३) धरत असत, आणि आपल्या दोन मीटिंगांच्या मधल्या वेळेलाही तो सोयीचा आहे.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा असून त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसवायचे आहे. तो आठवड्याची वही नीट ठेवतो, पण परीक्षा अजून लांब आहे असे म्हणून सगळे निवांत चालले आहे. वर्षाचे नियोजन त्याने कसे करावे? (एक पालक, देवळाली)

उत्तर : नाशिककरांना हे सांगणे सोपे आहे. सिंहस्थाची तयारी पर्वणीच्या तारखेपासून मागे मोजत येऊनच करावी लागते, तसेच इथेही करायचे. या संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. दहावीला किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत एक तरी भाषा लागते. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि उत्तीर्ण झालेले विषय जमा राहतात, त्यामुळे पाचही विषय एकाच वेळी द्यावेत असे बंधन नाही. आपल्या मुलाच्या निवांतपणाचे मूळ कदाचित याच सवलतीत असावे. म्हणून कोणत्या सत्रात कोणते विषय देणार, हे त्याने प्रथम एका पानावर लिहावे. मग प्रत्येक विषयासाठी परीक्षेच्या महिन्यापासून मागे येत उजळणीचे चार-पाच आठवडे सोडावेत, आणि त्याच्या अलीकडच्या आठवड्यांत धडे वाटावेत. किती धडे एका आठवड्यात मावतात हे त्याच्या जुन्या वहीतूनच कळेल. लेखी परीक्षेच्या गुणांपैकी २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात आणि त्यांची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, हे मुले हमखास विसरतात.

१९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या शहरात असल्यामुळे, नोकरी सांभाळून आणि स्वतःच वेळ आखून पदवी घेतलेली माणसे नाशिकमध्ये ओळखीत सहज सापडतात. अशा एखाद्या व्यक्तीकडे मुलाला तासभर पाठवावे. शेवटच्या महिन्यात काय होते, हे तो पालकांकडून ऐकणार नाही, पण त्यांच्याकडून ऐकेल.

स्वाध्यायांची आणि परीक्षा शुल्काची मुदत दर सत्राला संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून त्यानेच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावी. इतर सर्व बाबतींत वहीत डोकावू नका, पण या दोन तारखा मात्र आपण स्वतः एकदा पडताळून पाहा, कारण तिथे चूक झाली तर सहा महिने जातात.