पगार 18 हजार, गुंतवणूक कधी केली नाही; सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडून रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येता, पगार 18 हजार आहे, मित्र म्हणतात ॲपवर शेअर घे आणि वडील म्हणतात सोसायटीत ठेव टाक. मी टिळकवाडीत हिशेबाचं आणि रिटर्न भरण्याचं काम करतो. तुमच्यासारखी बरीच मुलं कागद घेऊन येतात, त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

ॲप राहू दे, आधी पगाराची स्लिप बघा. कारखान्यात 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, लागू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांचे 12 टक्के तुमचे कापतात, तेवढेच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनला जातो, उरलेला तुमच्या खात्यात जमा होतो. 2024-25 साठी यावर 8.25 टक्के व्याज होतं. एवढं व्याज आणि वर मालकाची भर, असं दुसरीकडे सहजी मिळत नाही. म्हणजे तुमची गुंतवणूक कधीच सुरू झालीय, फक्त तुम्ही तिच्याकडे बघितलेलं नाही. यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, चालू करून घ्या आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडा. पैसे खरंच भरले जातात का, ते तिथंच कळतं.

आपल्याकडची पोरं दोन-तीन वर्षांनी कारखाना बदलतात आणि दर वेळी पीएफ काढून गाडी घेतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि वाढत चाललेली रक्कम पुन्हा शून्यावर येते. नोकरी बदलली की पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर करा, काढू नका. स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, कपात आहे का, तेही बघा. 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू असतं, आणि घरच्यांच्या दवाखान्याचा मोठा भार त्यातून उचलला जातो. कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा.

यानंतर अडीनडीचा पैसा. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडेपर्यंत शेअरचा विचार करू नका. हातात पैसा टिकत नसेल तर पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम जमा करायची ठेव, लावा. ही पद्धत आपल्याच कर्नाटकातली. 1928 साली सिंडिकेट बँकेनं रोज दोन आणे दारात येऊन गोळा करायला सुरुवात केली, ती अशाच लोकांसाठी. व्याज कमी मिळतं, पण सवय लागते.

आता वडिलांच्या सोसायटीबद्दल. त्यांचा विश्वास मी मोडत नाही. आपल्या भागात बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा सोसायट्यांनीच बियाण्याला आणि लग्नाला पैसा दिला. पण एक गोष्ट त्यांना शांतपणे सांगा: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. क्रेडिट सोसायटी, सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालची सहकारी संस्था) किंवा मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सोसायटी यांतल्या ठेवींना तो नसतो. पाटी बघून फरक कळत नाही, म्हणून पावतीवरचं पूर्ण नाव वाचा. वडील सभासद असतील तर वार्षिक सभेचा अहवाल घरी येत असेल. त्यात थकबाकी किती वाढली ते बघा. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज मिळतं ते याच जोखमीपायी. घरातला सगळा पैसा एकाच सोसायटीत नको, एवढंच माझं म्हणणं.

शहापूरच्या सराफ गल्लीतलं सोनं हौसेला घ्या, गुंतवणुकीत धरू नका. मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही.

एवढं झालं की मगच एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकणं. 500 रुपयांपासून, निफ्टी 50 या शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्ये कमिशन जात नाही. देशातल्या 50 मोठ्या कंपन्यांत पैसा वाटला जातो. जो पैसा निदान सात-आठ वर्षं लागणार नाही तोच इथं टाका. निफ्टी जानेवारी 2020 मध्ये 12,400 च्या आसपास होता, मार्चमध्ये 7,600 वर आला आणि डिसेंबरअखेर 13,900 च्या पुढं गेला. मार्चमध्ये घाबरून विकलेल्यांचं नुकसान कायमचं झालं. बहिणीच्या लग्नाचा किंवा बोअर मारायचा पैसा इथं घालायचा नाही म्हणतो, ते याचसाठी.

मित्र ज्याला शेअर म्हणतात ते बहुतेक वेळा ऑप्शन असतात, म्हणजे भाव ठराविक मुदतीत वर जाईल की खाली यावरचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के सामान्य लोकांचं नुकसान झालेलं दिसलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप देणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसला असाल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

खातं उघडताना केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडकते ती नावापायी. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असतं, आधारवर नसतं, किंवा आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असतं. पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा, चुकलं असेल ते आधी दुरुस्त करून घ्या. आणि प्रत्येक खात्यात, पीएफमध्येसुद्धा, वारसाचं नाव भरलंय का ते याच वेळी तपासा.