मशीन लावल्यावर जमिनीतली घाण दिसते का?

प्रश्न : सर, आमचं रान कचरा डेपोच्या खालच्या अंगाला आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत विहिरीचं पाणी पीत होतो, आता ते कोऱ्या चहासारखं दिसतं, मोटर चालू केली की फेस येतो. तक्रार केली तर म्हणतात, आमच्याकडूनच आलंय हे सिद्ध करा. बोअरचा पॉइंट काढायला जे मशीन लावतात त्यानेच जमिनीतली घाणपण कळते असं एकजण म्हणाला. खरं आहे का, की पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहतो त्यातलाच प्रकार?
– एक शेतकरी, पुणे जिल्हा (नाव छापू नका म्हणालेत)

उत्तर : नारळातला प्रकार नाही, पण त्या माणसाने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. मशीनला घाण दिसत नाही हो, मशीनला मीठ दिसतं. होतं काय, की जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांमधून करंट सोडायचा, आतल्या दोन सळयांमधे व्होल्टेज किती येतं ते बघायचं, आणि त्यावरून खालची जमीन करंटला किती अडवते ते काढायचं, यालाच रेझिस्टिव्हिटी म्हणतात, आकडा येतो ओहम-मीटरमधे. कोरडा कातळ करंटला जाऊच देत नाही. पाण्यात क्षार विरघळलेले असले की करंट सुसाट. कचऱ्यातून जे काळं पाणी झिरपतं, लीचेट म्हणतात त्याला, त्यात क्लोराइड, सोडियम, अमोनिया ठासून भरलेलं असतं, म्हणून ते जिथे मुरतं तिथला आकडा खाली येतो.

आकड्याचा अंदाज हवा असेल तर सोपा हिशोब आहे. पाण्याची ईसी, म्हणजे कंडक्टिव्हिटी, मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमधे मोजतात (लॅबच्या रिपोर्टवर पहिल्या दोन-चार ओळींतच सापडेल), १०,००० ला त्या आकड्याने भागा. चांगल्या विहिरीची ईसी ५०० असेल तर ते पाणी २० ओहम-मीटरचं, लीचेट मिसळून ५,००० झाली तर फक्त २. मुरमात हेच पाणी भरलं की मुरमाचा आकडा पाण्यापेक्षा बराच जास्त येतो कारण दगड मधे असतो, पण फरक तसाच उमटतो.

आता राहिलेलं अर्धं. आपली काळी माती! चिकण मातीला करंट तसाही प्यारा, भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा काहीही प्रदूषण नसताना ५-१० ओहम-मीटरच्या आसपास असतो, आणि लाव्हाच्या दोन थरांमधे जो लाल गेरूसारखा पट्टा लागतो तोसुद्धा कमीच दाखवतो. मी स्वतः एकदा फसलोय. ओढ्याच्या काठाला स्क्रीनवर मस्त निळा डाग (म्हणजे कमी आकडा) आला, आम्ही खूष, सापडलं म्हणून, दुसऱ्या दिवशी तिथेच हाताने खड्डा घेतला तर वीतभर भेगा पडलेली काळी माती संपून खाली पिवळट चिकण माती, वास नाही, काही नाही, पाणी काढून मीटर बुडवला तर गावच्या नळापेक्षा चांगलं. दिवसभराची मजुरी गेली आणि पोरं आठवडाभर हसली ते वेगळं.

म्हणून डेपोच्या वरच्या अंगाला, जिथे कचऱ्याचं पाणी पोचूच शकत नाही पण माती-मुरूम तुमच्यासारखाच आहे, अशा ठिकाणी सळयांची एक लाइन आधी घ्यायचीच. ती नसेल तर बाकीच्या लाइनींना काही अर्थ नाही. मग डेपो आणि विहीर यांच्या मधे आडव्या दोन-तीन लाइनी. हल्ली बोअरवाल्यासारखं एकाच पॉइंटवर मोजत बसत नाहीत, २४ सळया ५-५ मीटरवर ठोकून एकच केबल जोडतात, मशीन आपोआप जोड्या बदलत जातं, अशा ११५ मीटरच्या लाइनीत साधारण १८-२० मीटर खोलपर्यंतचं चित्र मिळतं, म्हणजे तुमची विहीर बहुतेक आलीच त्यात. लोखंडी तारेचं कुंपण, पुरलेली जीआय पाइपलाइन असेल तर आधी सांगा, नाहीतर तीच घाण म्हणून दिसेल. उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी असते की सळईतून करंटच उतरत नाही, मग प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. मिठाचं पाणी, आणि शोधतोय पण मीठच, गंमत आहे, पण तांब्याभर पाण्याने २० मीटरच्या चित्राला काही होत नाही.

पण दादा, मशीनवर पैसे घालायच्या आधी पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) मिळतो तो घ्या, डेपोपासून तुमच्यापर्यंतच्या आणि वरच्या अंगाच्याही जेवढ्या विहिरी आहेत तेवढ्यांत बुडवा, आणि दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा म्हणजे पाणी कुठून कुठे वाहतंय ते कळेल. यातच निम्मं चित्र उभं राहतं. नंतर दोन-तीन विहिरींचे नमुने भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा लॅबला द्या, क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया तपासून मागा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा सोर्सच नसेल तर १,०००, आणि नायट्रेट ४५ च्या वर नको (नायट्रेट मात्र युरिया आणि गोठ्यातूनही येतं, त्याच्या एकट्यावर भांडू नका, समोरचा लगेच तेच म्हणेल). मशीनच्या चित्रावरून कमी आकड्याचा पट्टा डेपोकडून येतोय हे दाखवता येतं आणि तपासणीचं बोअर नेमकं कुठे मारायचं ते कळतं, पण सिद्ध होणार ते त्या बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टवर.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, शेजारी पेट्रोल पंप आहे. हेच मशीन चालेल का?

उत्तर : इथे गोची आहे. डिझेल-पेट्रोलमधून करंट जात नाही, म्हणून ताजी गळती असेल तर आकडा वर जायला हवा. पण गळती जुनी झाली की जमिनीतले बॅक्टेरिया ते तेल खातात, त्यातून ॲसिडं तयार होतात, ती दगड-मातीतले क्षार विरघळवतात आणि आकडा उलट खाली येतो. मधल्या काळात दोन्ही कटून काहीच दिसत नाही असंही होतं. तुमचं नाक या मशीनपेक्षा भारी आहे, छोटी भोकं पाडून जमिनीतली वाफ तपासणारे लोक असतात, ते बोलवा. तोवर ते पाणी पिऊ नका, आंघोळीलाही नको.

प्रश्न : पहिल्या पत्रवाल्यांच्या शेजारीच राहतो. आमच्या शेळ्या तिथेच चरतात, करंटने काही होईल का?

उत्तर : करंट थोडाच असतो पण व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, रीडिंग चालू असताना सळईला हात लावायचा नाही, प्रत्येक टोकाला एक माणूस उभा हवाच. शेळ्या त्या दिवशी दुसऱ्या रानात न्या. त्या आमची केबलही खातात.