चादरीच्या तुकड्यावर पहिलं मिश्र भरतकाम

अगं, एकाच कापडावर कांथा (धावदोऱ्याचं बंगाली भरतकाम), आरसे, क्रोशा सगळं नको घालूस. सुरुवातीला दोन प्रकार पुष्कळ झाले. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणतानाच आलेली असते, तिच्यावर कुरघोडी करू नकोस. साधी पट्टी असेल तिथेच भर. खणाचं ठिगळ लावायचं तर खण आधी धुऊन घे, लाल रंग उतरला तर पांढऱ्याची वाट लागते. कडा आत दुमडून तुरप, मग भोवती साखळी टाका. सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घे. दोन पदर जाड विणीत दिसतच नाहीत. आरसे शेवटी, कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग काढल्यावर. चादरीऐवजी टर्किश टॉवेलवर भरणार असशील, तर त्याचे फासे टाके गिळतात, वर पातळ मलमल टाचून भर, उरलेली मलमल नंतर कातर.