जोडलेल्या सदनिकेचे साठेखत करण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विलेपार्ले पूर्व येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत शेजारच्या दोन सदनिका जोडून तयार केलेले आणि संपूर्ण नूतनीकरण झालेले तीन शयनकक्षांचे घर आपण पसंत केले आणि इसारापोटी पाच लाख रुपये धनादेशाने दिले. त्यानंतर संस्थेच्या समितीने ना हरकत दाखल्यासाठी हस्तांतरण अधिमूल्याशिवाय (सदनिका नव्या सदस्याच्या नावे करण्याच्या शुल्काशिवाय) दोन लाख रुपये ‘इमारत निधी’ म्हणून मागितले, घर मंजूर नकाशाशी जुळत नाही म्हणून बँकेने कर्ज थांबवले, आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाची गळतीची तक्रार पुढे आली. विक्रेता मात्र इसारपावतीवर बोट ठेवून, ठरलेल्या मुदतीत साठेखत केले नाही तर रक्कम जप्त होईल, असे सांगत आहे. आपल्या पत्रात सर्वांत जास्त काळजी संस्थेच्या दोन लाखांची दिसते. माझ्या मते ती या प्रकरणातील सर्वांत किरकोळ बाब आहे. खरा धोका बँकेने दाखवून दिला आहे, आणि तो दूर होईपर्यंत, किंवा तो दूर करण्याची अट विक्रेता साठेखतात मान्य करेपर्यंत, आपण कोणत्याही दस्तावर सही करू नये.

संस्थेच्या मागणीविषयी आधी सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ खाली शासनाने ९ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य एका सदनिकेस पंचवीस हजार रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि देणगी, निधी किंवा अन्य कोणत्याही नावाने जादा रक्कमही मागता येत नाही. आपल्या बाबतीत भागपत्रे (शेअर सर्टिफिकेट) दोन असल्याने समितीने दोन सदनिकांचे अधिमूल्य मागितले, तर त्यास मी अन्याय म्हणणार नाही. दोन लाखांची मागणी मात्र बेकायदेशीर आहे. शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे) भाग व हितसंबंध हस्तांतरित करण्यास संस्थेचा ना हरकत दाखला मुळात आवश्यकच नाही. तो बँकेला हवा असतो, म्हणून आपण मागतो, आणि तशा अर्जावर समितीने एक महिन्यात निर्णय घ्यावयाचा असतो. मागणी लेखी द्यावी, असे समितीला पत्राने कळवा. लेखी दिली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करण्यास तेवढा कागद पुरेसा आहे.

आता दोन सदनिका जोडण्यासाठी पाडलेल्या भिंतीकडे वळू. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ प्रमाणे गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या किंवा विजेच्या जोडण्या बदलणे यांसारख्या दुरुस्त्यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. त्यामुळे आपल्याला आवडलेले नवे स्वयंपाकघर, संगमरवरी फरशी आणि छतातील दिवे यांबद्दल कायद्याला काही म्हणावयाचे नाही. परंतु दोन सदनिकांमधील भिंत पाडून त्या एक करणे, एका सदनिकेच्या स्वयंपाकघराचा शयनकक्ष करणे, किंवा बाल्कनी खोलीत सामावून घेणे हे मंजूर नकाशातील बदल आहेत आणि त्यांना संस्थेच्या लेखी परवानगीबरोबरच महापालिकेची मंजुरीही लागते. ‘समितीला सांगून काम केले होते’ हे विक्रेत्याचे उत्तर खरे मानले, तरी समितीला महापालिकेच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार नाही.

येथे एक बारकावा आपण स्वतः तपासू शकता. दिवाणखान्यात उभे राहून छताकडे पाहा. रस्त्याकडील खिडकीपासून तीन-चार फूट आत एखादी तुळई आडवी गेलेली दिसली, किंवा नेमक्या त्याच रेषेत शोभेचे खोटे छत खाली उतरवलेले असले, तर इमारतीची मूळ बाहेरची भिंत बहुधा तेथे होती आणि त्यापुढची जागा बाल्कनी किंवा फुलझाडांसाठी सोडलेला सज्जा होती. मंजूर नकाशाची प्रत मागवून हे ताडून पाहावे. नकाशात जी जागा खोली म्हणून दाखवलेली नाही, तिच्यासाठी चौरस फुटांच्या दराने किंमत मोजण्याचे कारण नाही.

भिंत कोणत्या प्रकारची होती, याला फार महत्त्व आहे. आर.सी.सी. सांगाड्याच्या इमारतीत खोल्यांमधील विटांची भिंत सहसा भार पेलत नाही. जुन्या भारवाहक बांधणीत मात्र तीच भिंत वरच्या मजल्यांचा भार घेत असते, आणि ती पाडणे म्हणजे वरच्या प्रत्येक कुटुंबाची सुरक्षितता पणाला लावणे होय. इमारत पंधरा वर्षांहून जुनी असल्यास उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांहून जुनी असल्यास दर तीन वर्षांनी, संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. तो अहवाल संस्थेकडून मागा आणि नोंदणीकृत संरचना अभियंत्याला घर प्रत्यक्ष दाखवा. विक्रेता याला नकार देत असेल, तर मी माझ्या कोणत्याही पक्षकाराला ते घर घेऊ देणार नाही.

अनधिकृत बदलांबाबत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५१ खाली किंवा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघते, तेव्हा काम पूर्वीच्या मालकाने केले होते हा बचाव आपल्याला वाचवत नाही. घर पूर्ववत करण्याचा खर्च आजच्या मालकावर येतो. गळतीने त्रासलेल्या शेजाऱ्याने महापालिकेच्या विभाग कार्यालयात एक अर्ज केला, तरी हे चक्र सुरू होऊ शकते. म्हणून गळतीचा प्रश्न वेगळा समजू नका. सदनिकेच्या आतील न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करावयाची असते. ती विक्रेत्याने आताच करून द्यावी आणि खालच्या कुटुंबाकडून तक्रार मिटल्याचे लेखी घ्यावे. न्हाणीघर मूळ जागेवरून हलवून खालच्या शयनकक्षावर आणले असेल, तर नुसता जलरोधक थर देऊन भागणार नाही.

अशा घरातून मार्गच निघत नाही, असे मात्र नाही. बदल चटई क्षेत्राच्या (एफ.एस.आय.) आणि विकास नियंत्रण नियमांच्या मर्यादेत बसत असतील, तर वास्तुविशारदामार्फत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे अर्ज करून ते नियमित करून घेता येतात. त्यासाठी संस्थेची संमती व शुल्क लागते. हे काम विक्रेत्याचे आहे. साठेखतात तशी स्पष्ट अट घाला, मंजूर सुधारित नकाशा हाती येईपर्यंत मोबदल्याचा मोठा भाग रोखून ठेवा, आणि अनुसूचीत दोन्ही सदनिकांचे क्रमांक, क्षेत्रफळ व भागपत्रे स्वतंत्रपणे नमूद करा. एकच क्रमांक लिहून दोन्ही घरे विकल्याचे भासवणारे दस्त पुढे संस्थेत व बँकेत अडकतात. स्टिल्टखालील (इमारतीच्या तळाशी खांबांमधील) वाहनतळाची जागा वेगळी किंमत लावून विकल्याचा उल्लेख असेल, तर तो काढून टाकावा; अशी जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे.

राहिला इसाराचा प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य सावधगिरीने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दोन सदनिका जोडल्या आहेत हे आपल्याला दिसत होते, असे तो म्हणेल. पण मंजुरी घेतलेली नाही, हे भिंतीकडे पाहून कोणालाही कळत नाही. ‘सर्व परवानग्या आहेत’ असा जो व्हॉट्सअॅप संदेश त्याने आपल्याला पाठवला होता, तो मोबाइलमधून मुळीच काढून टाकू नका; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह तो न्यायालयात दाखल करता येतो.

मुदत संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस पाठवा. आपण व्यवहार पूर्ण करण्यास तयार आहात, परंतु मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि संस्थेची लेखी परवानगी यांच्या प्रती मिळाल्याशिवाय, आणि सुधारित मंजुरी मिळवून देण्याची अट मान्य झाल्याशिवाय, साठेखत होऊ शकत नाही, असे तीत स्पष्ट लिहावे आणि बँकेचे नकाराचे पत्र सोबत जोडावे. माघार आपण घेतलेली नाही, हे या कागदावरून दिसले पाहिजे, कारण जप्तीचा संपूर्ण वाद त्याच मुद्द्यावर लढवला जातो. कागद आले नाहीत, तर पाच लाखांच्या परतफेडीची मागणी करा. खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली नसेल, तर आगाऊ दिलेल्या रकमेसाठी त्या मालमत्तेतील विक्रेत्याच्या हितसंबंधावर खरेदीदाराचा बोजा (वसुलीचा हक्क) राहतो, आणि ही बाब नोटिशीत नमूद केल्यास नव्या ग्राहकाला तेच घर विकण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याशी हिशेब करावा लागेल.