वस्तीतल्या बैठकीत आशाताईंनी मीठ कमी करण्याचं कसं समजवावं?

'मीठ कमी खा' एवढ्यानं भागत नाही, मोजून दाखवा. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, पुरे. पाच जणांच्या घरात किलोची पुडी निदान 40 दिवस जायला हवी. किती दिवसांत संपते ते विचारा, हिशोब बायका स्वतःच मांडतात. खान्देशात मीठ लपतं ते ठेच्यात, पापडात, शेवभाजीच्या शेवेत. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात दळतानाच घातलेलं मीठही धरा.

जास्त मिठानं बीपी वाढतो, म्हणून तोही मोजा. मोजताना घाई नडते, आकडा उगाच वाढतो. पाच मिनिटं टेकून बसवा, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पुन्हा मोजूनही 140/90 किंवा जास्त आलं, तर आरोग्य केंद्रात पाठवाच.